नागाळा पार्कातली मॅटॅडोर: एका जुन्या कॅम्परची किंमत कशी ठरली

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज गाडी घेऊन झाल्यासारखाच होता. "मामा, कॅम्पर मिळालीय. मॅटॅडोर. आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आहे. छप्पर वर उचलतं. साडेचार लाख म्हणतात, चारला देतील." मी विचारलं, "आरसी बघितलीस?" पलीकडे शांतता. मग मागून भाचेसुनेचा आवाज आला, "पडदे अजून पहिलेच आहेत मामा, खणाच्या कापडाचे." म्हणजे दोघांनीही आतूनच गाडी बघितली होती.

मी विमा कंपन्यांसाठी वाहनांचा सर्व्हेअर म्हणून सव्वीस वर्षं काम केलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४३ फूट. पाणी ओसरल्यावर पुढचे दोन महिने मी भिजलेल्या गाड्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. त्यामुळे "गाडी कुठं उभी असते?" हा माझा दुसरा प्रश्न. उत्तर आलं, नागाळा पार्क, मागच्या बाजूला, बंगल्याच्या शेडमध्ये. मी भाच्याला म्हणालो, रविवारी जाऊ, आणि त्यांना सांग की सकाळी गाडी चालू करून ठेवू नका.

हे प्रकरण फेब्रुवारी २०२५ मधलं. सगळं लिहून काढतोय, कारण त्यानंतर तिघांनी अशाच गाड्यांबद्दल विचारलं आणि तिघांचीही चूक एकच होती. आतलं फर्निचर किती छान आहे यावरून ते किंमत धरत होते.

मालक सत्याहत्तर वर्षांचे. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही म्हणालो. गाडी १९९१ ची, बजाज टेम्पोची मॅटॅडोर, एमएच-०९ पासिंग. १९९४ साली सुताराला दोन महिने घरी ठेवून त्यांनी आतलं काम करून घेतलं होतं. या गाडीतून त्यांनी बदामी केली, हंपी केली, गणपतीपुळ्याला तर दरवर्षी. शेडच्या दारातच त्यांनी मला नातवाच्या फोनवर एका जर्मन फोक्सवॅगन कॅम्परचा फोटो दाखवला. युरोपात या गाड्यांना काय भाव येतो ते बघा म्हणाले. "आमची तर आख्ख्या जिल्ह्यात एकच आहे. विंटेज आहे, विंटेज."

दोन्ही मुद्दे मी त्यांच्यासमोर खोडले नाहीत. पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. फोक्सवॅगनची ती दुसऱ्या पिढीची गाडी जर्मनीत १९६७ ते १९७९ अशी बनली आणि ब्राझीलमध्ये थेट २०१३ पर्यंत बनत राहिली. आतलं कॅम्परचं काम वेस्टफालियासारख्या कारखान्यातून होऊन यायचं, कागदावर तसं लिहिलेलं असायचं, आणि आज तिचा दाराच्या रबरापासून फरशीच्या पत्र्यापर्यंत प्रत्येक तुकडा नवा विकत मिळतो. तिथे लोक दुर्मीळ गाडीला पैसे देतात असं नाही, दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाडीला देतात. मॅटॅडोरची काच फुटली तर आपण भंगारबाजार पालथा घालणार. एकच गाडी उरली म्हणून भाव वाढत नाही. बऱ्याचदा उलटंच होतं.

आणि विंटेज हा आता बोलायचा शब्द राहिलेला नाही, कायद्याचा झालाय. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. त्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आण्णांची गाडी चौतीस वर्षांची आणि आतून पूर्ण बदललेली. ती विंटेज नव्हती, आणि भाच्याला हिंडायचं होतं म्हणून नव्हती तेच बरं.

कागद आधी बघितले. आरसीवर वर्ग 'ओम्नी बस, खासगी वापर', आसनं आठ अधिक चालक. नोंदणी नोव्हेंबर १९९१. खासगी गाडीची पहिली मुदत पंधरा वर्षं, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याप्रमाणे २००६, २०११, २०१६ चे शिक्के होते. पुढचा नव्हता. म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून गाडीला नोंदणी नाही, विमा त्याच्याही आधी संपलेला. एप्रिल २०२२ पासून जुन्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० झाली आणि उशिराला दरमहा ५०० रुपये लागू झाले. एप्रिल २०२२ ते फेब्रुवारी २०२५ असे पस्तीस महिने धरले, तर उशिराचेच १७,५००. आण्णांना हे माहीत नव्हतं. "गाडी घरातच आहे की, रस्त्यावर कुठं आणलीय?" असं त्यांचं म्हणणं. (२०२५ च्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरण फी १०,००० झाली. सहा महिने उशीर केला असता तर तेही अंगावर आलं असतं.)

मोठी अडचण आसनांची. कागदावर आठ, गाडीत दोन आणि एक पलंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. १९९४ साली आण्णांना कुणी विचारलं नाही. आता नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी केली की पहिला प्रश्न तोच येणार. मी वहीत लिहिलं, 'आसनं?' आणि खाली दोन रेघा मारल्या.

चेसिस नंबर जुळवायला वीस मिनिटं गेली. पाट्यावर रंगाचे तीन थर होते. पॉलिश पेपरने हळूच घासून रंग काढला, वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. सहावा आकडा तीन की आठ ते डोळ्याला कळत नव्हतं. मग सेलोटेप चिकटवून शिशाचा ठसाच उचलला आणि कागदावर लावला. तीन. आरसीवरही तीन. हे झाल्याशिवाय मी बॉनेट उघडत नाही. नंबर जुळला नाही तर बाकीचं बघण्यात अर्थ नसतो.

बाहेरून गाडी दिसायला छान होती. खाली क्रीम, वर निळा, रंग दोनेक वर्षांतला. मी खिशातून चुंबक काढलं. साधं स्पीकरमधलं गोल चुंबक आहे, रंगाला ओरखडा नको म्हणून मऊ कापडात बांधलेलं. दारावर घट्ट बसलं. छताच्या कडेला बसलं. मागच्या चाकाच्या वर आलो तेव्हा हातातून सुटून खाली पडलं. तिथे पत्रा नव्हता, लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) होती, आणि ती साधारण बोटाच्या पेराएवढी जाड असावी. दोन्ही बाजूंना तेच. बोटाच्या मागच्या बाजूने ठोकत खाली आलो. वर टणटण, जमिनीपासून गुडघ्याच्या थोडं वर आल्यावर एकदम भद्द. ही हद्द सरळ रेषेत होती आणि मला ती अजिबात आवडली नाही. चिखल उडून जो गंज धरतो तो चाकांच्या मागे, ठिकठिकाणी धरतो. सरळ रेषेत तो फक्त पाण्याने धरतो.

"आण्णा, २०१९ ला गाडी कुठं होती?"

"हितंच. पण पाणी टायर बुडेपर्यंतच आलं होतं. मी पुण्याला होतो लेकीकडं, पोरानं फोनवर सांगितलं. २०२१ ला मात्र आधीच काढून ताराबाई पार्कात नेऊन लावली."

आण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते सांगत होते. पण मॅटॅडोरमध्ये टायर बुडणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, नाही, म्हणून मागची फरशी सपाट आणि बरीच खाली. आत उभं राहायला जागा मिळते, वयस्कर माणसाला चढायला सोपं पडतं. कॅम्पर करायला ही गाडी लोकांना आवडायची ती यासाठीच. त्याच कारणाने पुराचं पाणी तिच्यात लवकर शिरतं. मी टेप लावली. जमिनीपासून फरशी ५४ सेंटिमीटर. भद्द आवाजाची हद्द ७२ वर.

आत गेलो. ओटा, त्याखाली तीन खण, समोर पलंग, पलंगाखाली टाकी आणि बॅटरीची पेटी. सगळं अठरा मिलिमीटरच्या प्लायचं, वर सनमायका. कडा सुताराने इतक्या सफाईने मारल्या होत्या की तीस वर्षांनी एकही उचकटलेली नव्हती. भाचा एकेक खण ओढून मला दाखवत होता. वरचा सुळकन आला, मधला आला, खालचा अडला. "तेवढा थोडा फुगलाय," भाचा म्हणाला. प्लाय उगाच फुगत नाही.

पुढचं काम भाचेसुनेने केलं. माझा हात त्या फटीत जाईना. तिने खण दोन्ही हातांनी हलवत बाहेर काढला, मोबाईलचा दिवा लावून ती आडवी झाली आणि आतल्या पोकळीत बघत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, खण ज्याच्यावर सरकतो त्या पट्टीच्या वर एक रेघ आहे. चहाच्या कपात असते ना, चहा तसाच राहिला की, तशी." मी तिला बोट फिरवून बघायला सांगितलं. बोटाला तपकिरी, मऊ, तालमीच्या मातीसारखी भुकटी लागली. गाळ होता तो. पाच वर्षं खणाच्या मागे कुणी हात घातला नव्हता, त्यामुळे तो पुसला गेला नव्हता. फरशीपासून अठरा सेंटिमीटर. बाहेरच्या हद्दीशी बरोबर जुळली.

आण्णांची परवानगी घेऊन मी खालच्या बाजूचे चार स्क्रू काढले आणि भिंतीचं अस्तर थोडं ओढलं. प्लायच्या मागे, पत्र्याच्या आत, उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून काचेच्या लोकरीची गादी भरलेली. वरची लोकर पिवळी आणि कोरडी. खालची काळी, लगद्यासारखी बसलेली. चिमटीत धरून दाबली तर पाणी आलं नाही, पण बोटं ओलसर झाली. फेब्रुवारी महिना, शेडमध्ये गाडी, आणि पुराला साडेपाच वर्षं झालेली! दर पावसाळ्यात हवेतला दमटपणा त्या गाळभरल्या लोकरीत बसत होता आणि आतून पत्रा खात होता. बाहेरून दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भोकं बुजवून, लांबी भरून, रंग मारून दिला होता. आतून मात्र तो हिस्सा तसाच सडत राहिला. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला आतून टेकवलं, दाबलंही नाही, आणि ते लांबीत जाऊन थांबलं.

आण्णा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोरानं सांगितलं नाही मला." एवढंच. मग चहा सांगायला आत गेले.

साडेचार लाखांतले किमान दीड लाख आण्णांनी या सुतारकामाचे धरले होते, आणि त्या कामाच्या दर्जाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच कामाने पाणी धरून ठेवलं, हवा लागू दिली नाही आणि सडलेला पत्रा झाकला. हीच मॅटॅडोर आतून उघडी असती, मालवाहू असती, तर पूर ओसरल्यावर कुणीतरी पाइपने धुऊन उन्हात उभी केली असती आणि आज तिचा पत्रा कितीतरी बरा असता. म्हणून माझ्या हिशेबात फर्निचरची किंमत शून्यही नव्हती, उणे होती. ते काढायचीच मजुरी लागणार होती.

गॅसचं चटकन सांगतो. पाच किलोचा सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात, रबरी नळी कडक झालेली, आणि कपाटाला तळाशी एकही भोक नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाला साचतो आणि पलंग तिथून दोन फुटांवर. सिलिंडर मी लगेच बाहेर काढायला लावला. वायरिंगचे जोड हिरवे पडलेले, एकाही सर्किटला फ्यूज नाही. छपराचं कापड घडीवर फाटलेलं, पण छपराचा पत्रा कोरडा. टायरवर नक्षी भरपूर होती म्हणून भाचा खूश होता. त्याला बाजूचे चार आकडे वाचायला लावले, २३१४. २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी अकरा वर्षांचं रबर घाटात नेत नाहीत.

आता इंजिन. इथे मात्र गाडीने मला सुखद धक्का दिला. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, साधारण २.४ लिटर. जर्मनीत २४० डी मोटारीत हेच होतं, आणि आपल्याकडे ट्रॅक्स गाड्यांमुळे ते प्रत्येक तालुक्याच्या मेकॅनिकला पाठ आहे. झाकणाला हात लावला, थंडगार. सांगितलेलं पाळलं होतं. बॅटरी आम्हीच नेलेली. थंड इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगला अर्धा मिनिट दिला आणि स्टार्टर मारला. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी उठली. आधी पांढरा धूर, एक सिलिंडर मागे राहिल्यासारखं लंगडत, मग मिनिटाभरात सरळ. ऑइलचं झाकण उघडून तोंडावर नुसतंच ठेवलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या इंजिनात ते ताटलीसारखं नाचतं. इथे थोडं थरथरलं, बस्स. ऑइलला दुधाळ रंग नव्हता, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नव्हतं.

पण ते लंगडणं मला सोडवेना. उद्यमनगरातला माझा ओळखीचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी गेज घेऊन आला. या इंजिनात चांगलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबलेल्या हवेचा दाब, २२ ते २४ बार, किमान साधारण १५, आणि सिलिंडरांमधला फरक तीनच्या आत हवा. आकडे आले २१, २०.५, २० आणि १६. सोळा म्हणजे किमान मर्यादेच्या वर, पण फरक पाचचा. घाईत कुणी "इंजिन बांधायला लागणार, साठ-सत्तर हजार" असं सांगून मोकळा झाला असता. मेकॅनिक म्हणाला, "आदी टॅपेट बगू, मग बोलू." चौथ्याचा एक टॅपेट घट्ट होता, व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता. गॅप लावून परत गेज लावला, १९. इंजिन बांधायचा खर्च पंधरा मिनिटांत कागदावरून गेला. नोझल, होज, पट्टे, पंपाची तपासणी एवढंच राहिलं.

कोल्हापुरात राहून जुन्या गाडीचं इंजिन बघताना हा हिशेब धरावा लागतो. ऑइल इंजिन आणि फौंड्रीवर वाढलेलं हे गाव. लोखंडाचा कुठलाही तुकडा इथे ओतून, घासून, भरून मिळतो. इंजिनाला इथे औषध आहे. सडलेल्या पत्र्याला आणि न मिळणाऱ्या काचेला नाही.

गाडी रस्त्यावर चालवून बघता आली नाही. नोंदणी नाही, विमा नाही, आणि विम्याशिवाय कुणाला धक्का लागला तर सगळी भरपाई मालकाच्या अंगावर. अंगणातच स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवली. उजवीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकातून कटकट कटकट. सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही इंजिनाचा जोर त्याला पोचवणारा सांधा. या गाडीत तो सगळ्यात त्रासदायक भाग, कारण पुढच्या चाकांचं ओढणं त्याच्यावरच असतं आणि तो सहज मिळत नाही. ब्रेकचे दोन व्हील सिलिंडर जाम होते.

मग मी एक हट्ट केला. फ्लॅटबेड मागवून गाडी वजनकाट्यावर नेली. अडीच हजार गेले आणि उसाचा हंगाम असल्याने काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे पाऊण तास थांबावं लागलं. भाचा वैतागला होता. आरसीवर रिकामं वजन १,६४० किलो. काट्यावर, टाकी रिकामी आणि माणूस नाही, २,१९०. नुसती पुढची चाकं चढवली तर ९८०. म्हणजे मागे १,२१०. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे वजन जास्त! त्यात मागे साठ लिटर पाणी आणि सामान भरून पावसात करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचं म्हटलं तर पुढची चाकं ओल्या रस्त्यावर नुसती फिरणार. आण्णांना विचारलं तर ते हसले. "होय की. घाटात मी बायकोला नि पोरांना पुढं बसवायचो."

हिशेब रात्री वहीत मांडला. अशा गाडीला बाजारभावाचं पुस्तक नसतं. मी दोन टोकं धरतो. खालचं टोक भंगाराचं. प्लाय, टाकी, गाद्या वजा केल्या तर लोखंड साधारण १,६५० किलो, त्या आठवड्यात मला मिळालेला भाव किलोला २८ रुपये, म्हणजे ४६ हजार. याच्या खाली कुणी शहाणा विकणार नाही. वरचं टोक म्हणजे सगळं नीट करून, कागद सरळ करून हीच गाडी उभी केली तर हौशी माणूस किती देईल. तीन-चार जणांशी बोलून मी चार लाख धरले, आणि तेही हात सैल सोडून.

मधला खर्च असा. पत्राकाम आणि रंग ९५ हजार, आतलं सगळं काढून साधं अस्तर ३०, ब्रेक आणि सीव्ही जॉइंट १८, पाच टायर २७, इंजिनाचं किरकोळ २२, वायरिंग आणि बॅटरी २४, छपराचं कापड नि रबर १६, आणि नूतनीकरण, उशिराची फी, पर्यावरण कर, विमा मिळून ३४. बेरीज २ लाख ६६ हजार. चालवून बघितली नव्हती म्हणून न दिसलेल्या गोष्टींसाठी पंधरा टक्के, चाळीस हजार. एकूण ३ लाख ६ हजार. चार लाखांतून वजा केले तर उरतात ९४ हजार.

भाच्याला हा आकडा सांगायची लाज वाटत होती. "मामा, साडेचार लाख मागणाऱ्याला नव्वद हजार कसे म्हणू?" मी म्हणालो, आकडा सांगूच नको, वही दाखव. आण्णा व्यवहारातले माणूस, आयुष्यभर गुळाचा व्यापार केलेला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, पत्राकामाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कमी धरलंय." मग वही मिटून म्हणाले, दोन दिवसांनी सांगतो.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, आणि आसनांचा गुंताही त्यांनीच सोडवला. १९९४ साली काढलेली मूळ बाकं त्यांनी टाकली नव्हती. माळ्यावर होती, गोणपाटात गुंडाळून. आतलं फर्निचर सडलेल्या पत्र्यासाठी काढावं लागणारच होतं. ते काढायचं, पत्रा करायचा, बाकं मूळ जागी बसवायची आणि गाडी कागदावर आहे तशी निरीक्षकासमोर उभी करायची. पुढे भाच्याला झोपायला लागेल ती घडीची खाट नि शेगडीची पेटी, सुटं सामान म्हणून. वजनही उतरणार होतं.

ठरलं ते असं. नूतनीकरण आण्णांच्या नावावर, त्यांच्या खर्चाने. फॉर्म २५ वर सही त्यांची, उशिराची फीही त्यांची. ते साडेबावीस हजार भाच्याच्या अंगावरून गेले म्हणून किंमत ९४ वरून १ लाख १० हजार. त्यातले २५ हजार बयाणा, उरलेले गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर. पेच एकच होता, पासिंगला गाडी नेण्याआधी ब्रेक, टायर आणि पत्र्याचं काम भाच्याच्या पैशाने, आणि गाडी अजून आण्णांची. म्हणून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की नूतनीकरण झालं नाही तर बिलं दाखवून पैसे परत. दोघांनाही ते लिहिताना संकोच वाटत होता. मला नाही वाटला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नूतनीकरण झालं, महिनाअखेरीस गाडी भाच्याच्या नावावर. माझा हिशेब कुठे चुकला तेही लिहितो. पत्राकाम ९५ नाही, १ लाख ३१ हजार झालं. पुढच्या काचेची रबरी बीडिंग मी बाहेरून बघितली, बोटाने दाबली, ठीक वाटली म्हणून पुढे गेलो. डेंटरने काच उतरवली तेव्हा खालची चौकट डाव्या कोपऱ्यात पार गेलेली. त्याचा पुराशी संबंध नव्हता, तीस वर्षं वायपरखाली मुरलेलं पाणी होतं ते. काच न फोडता उतरवली हे त्याचं कौशल्य, कारण दुसरी कुठून आणणार होतो? बाजूला काढलेल्या चाळीस हजारांतले छत्तीस तिथेच गेले. पत्राकामाच्या आकड्यावर आण्णांनी बोट ठेवलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं होतं.

नवं वजन काट्यावर १,७३०. पुढे ९७०, मागे ७६०. खणाचे पडदे भाचेसुनेने धुऊन परत लावलेत.